अठरा दिवस आपांच्या डोक्यावर

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, डोक्याचा. कमरेच्या पट्ट्याला निदान विजार सावरल्याचे पुण्य तरी मिळते. माझे काम असे आहे की ते झाले की नाही हे पुष्कळदा मलाही कळत नाही. तरी मित्रांनो, मी हिशेबी आहे. माझ्या अंगाला कोणकोणती डोकी लागली, किती वेळ लागली, कोणाला घाम आला आणि कोण गुपचूप झोपले, हे सगळे मी मोजून ठेवले आहे. बोलता येत नसले की मोजण्याची सवय फार वाढते.

माझा जन्म इथून फार दूर, समुद्राजवळच्या एका कारखान्यात झाला. काळी ताणपट्टी, तिच्यात बसवलेले स्पंजाचे दोन चौकोनी तुकडे आणि मागे काडेपेटीएवढी डबी. डबीत बॅटरी. स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवायचे, मला कपाळावरून बांधायचे आणि कळ दाबायची. मग एका स्पंजातून थोडीशी वीज डोक्यात शिरते आणि दुसऱ्यातून बाहेर येते. किती थोडी? खेळण्यातला दिवासुद्धा धड लागणार नाही इतकी. माणसाला डोक्यावरून मुंगी चालल्यासारखे वाटते, एवढेच. पण मी एकटा काहीच नाही. माझ्याबरोबर पाटीएवढा एक पडदा येतो. मी डोक्यावर असेपर्यंत माणसाने त्या पडद्यावर आठवणीचा सराव करायचा असतो. वीज मेंदूला जरा ढोसते म्हणतात. उठून काम करायचे ते त्यानेच.

डोंगरांतल्या नारीन शहराच्या इस्पितळात मला आणले ते डॉक्टर अक्मारल यांनी. बुटकी, भरभर चालणारी बाई. माझ्यासारखे चार पट्टे मिळवायला त्यांनी दोन वर्षे पत्रे लिहिली. कारण नारीनमध्ये पडणाऱ्यांची वाण नाही. इथली पोरे चालायच्या आधी खोगिरावर बसतात आणि मोठी झाली की कोक-बोरू खेळतात. दोन बाजूंचे घोडेस्वार एका बिनमुंडक्याच्या बोकडासाठी झटापट करतात आणि तो समोरच्यांच्या कुंडात नेऊन टाकतात. घोडे एकमेकांवर आदळतात, माणसे खाली येतात. हात मोडला तर सगळे गाव भेटायला येते. डोके हलले तर कोणी येत नाही, कारण बाहेरून काही दिसत नाही.

शार्शेन असाच पडला होता. मार्च महिना, जमीन अजून गोठलेली. डोके आपटले तसा तो उठला, “काही नाही झालं” म्हणाला आणि पुन्हा घोड्यावर चढून वीस मिनिटे खेळला. टाळ्या मिळाल्या. त्या टाळ्यांचे दुखणे पुढे कित्येक महिने पुरले. डोके ठणके, उजेड सोसेना, किटलीच्या वाफेचा आवाज झाला तरी तो बायकोवर, नाझिकवर, ओरडे. मेंढ्या घेऊन निघायचा आणि अर्ध्या वाटेत उभा राहायचा, कुठे निघालो होतो ते आठवेना म्हणून. वय एकतीस.

आधी त्याला कोळसेवाल्या म्हाताऱ्याकडे नेले होते. हा म्हातारा दोरीने डोके मोजतो, कोळशाने तीन खुणा करतो, कुठली बाजू किती सरकली ते सांगतो आणि फडके करकचून बांधून लाकडी डावाने टकटक करतो. डोके जागेवर आले म्हणे. दुखणेही जागेवरच राहिले. मग जूनमध्ये त्याची आई, बुरुलकान आपा, त्याला दंडाला धरून अक्मारलबाईंकडे घेऊन आल्या. आपा म्हणजे आईच, पण या आपांना सगळे गाव आपा म्हणायचे. पांढरा रुमाल, ताठ मान, वय अडुसष्ट.

अक्मारलबाईंनी टेप काढली. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत मोजले, या कानापासून त्या कानापर्यंत मोजले आणि मला नेमके कुठे बसवायचे ते कळावे म्हणून पेन्सिलीने खूण केली.

“बघ,” आपा शार्शेनला म्हणाल्या, “तू म्हणत होतास म्हातारा थापा मारतो. हीपण तेच करतेय. तो कोळशानं करतो, ही पेन्सिलीनं.”

“आपा, मी डॉक्टर आहे,” अक्मारलबाई म्हणाल्या.

“असू दे गं. चांगलं मोजतेस.”

असा माझ्यावर विश्वास बसला. पुढचे सगळे घोटाळेही त्या विश्वासातूनच झाले.

त्याच दिवशी खोलीत आणखी एक जण होता. ओमुर्झाक काका, शार्शेनच्या वडिलांचे धाकटे भाऊ, गावच्या संघाचे कप्तान. शार्शेनचे वडील, जुमाबेक, मागच्या ऑक्टोबरात गेले होते. या ऑक्टोबरात त्यांचा आश करायचा होता, म्हणजे वर्ष भरल्यावरचे मोठे जेवण, गावोगावचे पाहुणे आणि शेवटी कोक-बोरू. बापाच्या आशला मुलाने बापाच्या घोड्यावर बसून खेळावे अशी सगळ्यांची अपेक्षा.

“ऑक्टोबरपर्यंत बरा करा,” काका म्हणाले. “बाकी घाई नाही.”

“ते डोक्यावर आहे,” अक्मारलबाई म्हणाल्या.

“डोकं कशाला लागतं तिथं? डोकं घोड्याला असलं की झालं!”

बाई हसल्या नाहीत. “काका, नीट ऐका. पहिली जखम भरायच्या आत दुसरा मार बसला, तर मी, हा पट्टा आणि तुमचा कोळसेवाला, तिघं मिळूनसुद्धा काही करू शकणार नाही. माझी चिठ्ठी मिळाल्याशिवाय त्यानं घोड्यावर बसायचं नाही.”

जिल्ह्याच्या खेळमंडळाने त्या वर्षी तसा नियमच काढला होता. त्यामुळे काकांनी नुसती टोपी खालीवर केली.

तीस दिवस, रोज वीस मिनिटे, असे ठरले. पण उन्हाळ्यात नारीनचा अर्धा जिल्हा वरच्या कुरणांवर मेंढ्या घेऊन जातो. इस्पितळात रोज येणार कोण? बाईंनी मला एका पिशवीत घातले, पडदा घातला, मीठपाण्याची बाटली घातली आणि आपांना बजावले, “दिवसातून एकदाच चालू होतो. काढला तर दोन मिनिटं वाट बघतो, मग बंद. तीसच्या तीस वेळा पूर्ण व्हायला हव्यात.”

आपांनी वाक्य नीट ऐकले. तीसच्या तीस पूर्ण व्हायला हव्यात. कोणी करायच्या, हे बाईंनी सांगितले नव्हते. ते सांगायला लागेल असे त्यांना वाटलेच नाही.

मित्रांनो, कुरणावरचे ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत गमतीचे. दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू, त्याच्या छपरावर सौर पाटी, तिच्यावर माझी बॅटरी भरायची; ढगाळ दिवसांत भरत नसे, म्हणून ते तीस दिवस सप्टेंबरपर्यंत लांबले. सकाळी मेंढ्या सुटल्या की शार्शेन मला डोक्याला बांधून बसे. पडद्यावर एकामागून एक घोडे येत: तांबडा, काळा, अबलख, पिवळट, पांढऱ्या पायाचा. आता दिसतोय तोच घोडा दोन घोड्यांपूर्वी आला होता का? आला असेल तर बोट लावायचे. तीसपैकी किती बरोबर, ते शेवटी दिसे. हे घोडे अक्मारलबाईंनी स्वतः बाजारात जाऊन टिपले होते, कारण मूळ सरावात अननस होते आणि आमच्या लोकांना अननस सगळे सारखेच दिसत.

पहिल्या दिवशी शार्शेनला नऊ मिळाले. आयुष्यभर घोड्यांत वाढलेल्या माणसाला नऊ. त्याने पडदा उपडा ठेवला.

चौथ्या दिवशी मीठपाण्याची बाटली सांडली. आपांनी क्षणभर विचार केला आणि मला चहात बुडवले. नारीनचा चहा खारा असतो, दूध-लोणी घातलेला. “मीठ ते मीठ,” त्या म्हणाल्या. मी चाललो, पण पुढे दोन दिवस माझा असा वास येत होता की एका वासराने मला चाटून काढले.

मग पाहुणे. शेजारच्या तंबूतली झूरा काकू आली, तिने विचारले, “हे काय गं?” आपांनी सांगितले. “मला पण डोकेदुखी आहे,” झूरा काकू म्हणाली. पाहुण्याने मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायची पद्धत आमच्या कुरणावर नाही. त्या दिवशी मी झूरा काकूच्या डोक्यावर. दुसऱ्या दिवशी तिची नणंद. तिसऱ्या दिवशी लोकर न्यायला आलेला ट्रकवाला. तो कुमीस, म्हणजे घोडीचे आंबवलेले दूध, पिऊन आला होता, पाचव्या मिनिटाला घोरायला लागला, गुण सहा. दिवसातून एकदाच चालतो म्हटल्यावर तिन्ही दिवस शार्शेन कोरडाच राहिला. आपांच्या हे लक्षात आले तेव्हा त्यांनी मला उचलले आणि बायकांच्या बाजूच्या वेताच्या आडोशामागे नेऊन ठेवले. तिथे पाहुणे येत नाहीत.

आणि तिथेच खरी गोष्ट सुरू झाली.

शार्शेनला आठ-दहा मिनिटांपुढे मळमळे. एक दिवस त्याने मला डोक्यावरून ओढून काढले, “बस झालं,” म्हणाला आणि बाहेर निघून गेला. मी दोन मिनिटे वाट पाहणार होतो. आपांनी माझ्याकडे पाहिले. मुलगा आजारी असला की त्याच्या वाटच्या घोड्या दुहायच्या, तो थकला की त्याचे कुंपण पुरे करायचे, हे त्यांनी जन्मभर केले होते. अर्धे सोडलेले काम त्यांना बघवत नसे. आडोशामागे बसून त्यांनी पांढरा रुमाल सोडला. मित्रांनो, नवरा गेल्यापासून त्या बाईचे उघडे डोके कोणी पाहिले नव्हते. विरळ, ऊबदार केस, दोन बारीक वेण्या. त्यांनी मला बांधले, पडदा मांडीवर घेतला आणि बारा मिनिटे घोडे ओळखले. एकही चुकला नाही.

हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसू आले. चौथ्यांदा पाहिले तेव्हा आले नाही.

ऑगस्ट संपत आला तसे शार्शेनच्या लक्षात आले की पडद्यावरचे आकडे चढताहेत. आणि आकडे बाईंकडे जाणार, चिठ्ठी आकड्यांवर ठरणार. एके सकाळी तो वेताच्या आडोशामागे वाकून म्हणाला, “आपा, आजपासून सगळं तूच कर ना.”

“का रे? डोकं जास्त दुखतंय?”

“नाही. तुझ्या हाताला यश आहे.”

आपा खूश झाल्या. बिचाऱ्यांना वाटले, आपण त्याचे दुखणे वाटून घेतोय. खोटे बोलणारा मुलगा आणि खरे समजणारी आई यांच्यामध्ये मी, ओला स्पंज. मला ओरडता आले असते तर तिथल्या तिथे ओरडलो असतो. माझ्यात वीज असून एक शब्द बोलण्याएवढी नव्हती.

तीस दिवस पुरे झाले तेव्हा माझा हिशेब असा होता: नऊ दिवस शार्शेनचे, त्यांतले चार अर्धवट; तीन दिवस पाहुण्यांचे; अठरा दिवस आपांचे. पडद्याला यातले काही माहीत नव्हते. पडद्याच्या लेखी एकच माणूस होता, जो मध्येच एकदा सहावर आपटला आणि मग सत्तावीसवर जाऊन पोचला.

सप्टेंबरच्या शेवटी तिघे नारीनला आले: शार्शेन, आपा आणि काका. अक्मारलबाईंनी पडदा उघडला आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांचेही काही पणाला लागले होते हे मला माहीत होते. इतक्या पत्रांनंतर आलेल्या पट्ट्यांचा कोणाला तरी उपयोग झाला, हे त्यांना एकदा बघायचे होते.

“सत्तावीस!” त्या म्हणाल्या. “जूनमध्ये नऊ होते. शार्शेन, अरे हे माझ्यानंसुद्धा व्हायचं नाही. डोकं दुखतं अजून?”

“नाही.”

“उजेड?”

“काही नाही.”

मी टेबलावर होतो. खिडकीतून ऊन येत होते आणि तो डोळे बारीक करून बसला होता. बाई आकड्यांकडे पाहत होत्या.

“मग चिठ्ठी द्या,” काका म्हणाले. “भावाच्या घोड्याला आठ दिवस सातू घालतोय मी. त्यालापण कळलंय.”

बाईंनी कागद ओढला.

“चिठ्ठी? कशावरून?” आपांनी विचारले.

“गुणांवरून, वहिनी. त्याचे गुण बघा ना. सत्तावीस!”

“कशाचे गुण?”

“अहो, ते घोडे ओळखायचे. तीस दिवस करत होता ना तो?”

बाईंचे पेन कागदावर चालू लागले. मग आपा म्हणाल्या, “डॉक्टरबाई, लिहू नका.”

“काय झालं?”

“सत्तावीस माझे आहेत.”

काका हसले. “वहिनी, काहीतरीच काय!”

“पहिल्या दिवशीचे नऊ त्याचे. नंतर तो थकायचा, मी पुरं करायचे. शेवटचे तर सगळेच माझे. बुधवारी सव्वीस आले होते, पांढऱ्या पायाचा चुकला, कारण नाझिकनं हाक मारली. बघा आहे का.”

बाईंनी पाहिले. बुधवारी सव्वीस होते.

“आपा, हे तुमच्यासाठी नव्हतं!” बाई जवळजवळ ओरडल्या. “तुम्हाला काही त्रास झाला का? चक्कर? काही?”

“मला काय होणार? आता डोळे मिटले तरी सगळे घोडे आठवतात.”

“आणि आधी?”

“आधीपण आठवायचे.”

त्या उठल्या, पडदा उचलला, तपासणीच्या फडक्याच्या आडोशाला गेल्या आणि यावेळी मला डोक्याला न लावताच घोडे ओळखून आल्या. तीसपैकी अठ्ठावीस. मग बाईंनी पडदा शार्शेनपुढे ठेवला. तो बराच वेळ बोट लावत होता, कपाळाला घाम आला होता. अकरा.

“म्हणजे इतके दिवस,” काका आपांकडे बघत म्हणाले, “आम्ही तुम्हाला संघात घ्यायला हवं होतं.”

शार्शेन उठून बाहेर गेला.

आपांनी मला पिशवीत टाकले आणि त्या त्याच्यामागे गेल्या, म्हणून पुढचे मी ऐकले. व्हरांड्याच्या टोकाला तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

“मला सांगायचं होतंस आधी, त्या आकड्यांवर चिठ्ठी मिळते म्हणून,” आपा म्हणाल्या.

“सांगितलं असतं तर केलं असतंस?”

“नसतं केलं.”

“म्हणून नाही सांगितलं.”

“घोड्यावर बसून मरायचं होतं का तुला? बाप गेला ते पुरे नाही झालं?”

तेव्हा तो वळला. त्याचे म्हणणे काय होते ते आम्हा दोघांनाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. “घोड्यावर बसलो तर मला काही आठवावं लागत नाही, आपा! न बसलो तर मला पंगतीत वाढायला उभं राहायचंय. थोरल्या तंबूत चौदा म्हातारे. कुणाला कुल्ल्याचं हाड, कुणाला मांडीचं, कुणाला खांद्याचं, शेपटीकडचं कुणाला. अब्बा डोळे मिटून वाढायचे. मी एक जरी चुकलो तर जिल्ह्यात होईल, जुमाबेकच्या पोराचं डोकं गेलं.”

आमच्याकडे मांसातले कुठले हाड कोणाला ते मानावर ठरते, आणि ते चुकणे म्हणजे माणसाला तोंडावर “तू कोण रे?” विचारण्यासारखे आहे. म्हणजे हा माणूस पडायला घाबरत नव्हता. विसरायला घाबरत होता.

आपांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “तीन आठवडे आहेत,” त्या म्हणाल्या. “चल आत.”

“आत जाऊन काय करू? ती हाकलून देईल.”

“देऊ दे. मी मोजणारीला ओळखते. नाही हाकलायची.”

अक्मारलबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि हाकलले नाही. पण त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, पहिल्या तीस दिवसांच्या नोंदीवर आडवी रेघ मारली. ती मारायच्या आधी त्यांनी सत्तावीसवर एकदा बोट फिरवले, ते मी पाहिले. दोन, घोडे बंद केले. “उद्यापासून रोज इथं यायचं. दमलास की थांबायचं, मळमळलं की सांगायचं. कुणी तुझं पुरं करायचं नाही. आणि आपा, तुम्ही बाहेर बाकावर बसायचं.”

“बाकावर विणू का?”

“विणा.”

घोड्यांच्या जागी आता पंगतीतल्या चौदा म्हाताऱ्यांचे चेहरे येणार होते, त्यांचे फोटो लागत होते. ते काकांनी आणले. लग्नांच्या जुन्या फोटोंतून एकेक चेहरा कापून आणला आणि कुरकुरत टेबलावर टाकला. “हा माझ्या मेहुण्याचा चेहरा. लग्नाच्या फोटोतून कापला म्हणून बायकोनं दोन दिवस जेवायला नाही घातलं.” पण काका रोज आले. आशला भावाच्या घोड्यावर आपण स्वतः बसायचे हेही त्यांनीच ठरवले.

मग सकाळी मी शार्शेनच्या कपाळावर आणि त्याच्यासमोर चौदा चेहरे. हा कोण, कुठल्या गावचा, थोरला की धाकटा, याला कुठले हाड. पहिल्या दिवशी तीन बरोबर आले. तिसऱ्या दिवशी पाच, चौथ्या दिवशी पुन्हा तीन. डोके दुखले की तो “दुखतंय” म्हणे, बाई पडदा बंद करत आणि खिडकीला फडके लावत. सहा महिन्यांत तो शब्द त्याने पहिल्यांदा उच्चारला होता. दुसऱ्या आठवड्यात आठ. शेवटच्या आठवड्यात दहा, बारा, अकरा, बारा. चौदा कधीच आले नाहीत.

यात माझे किती आणि त्याच्या घामाचे किती? मित्रांनो, मी हिशेबी आहे म्हटले, पण या हिशेबाला मी हात लावत नाही. अक्मारलबाईंनाही विचारले होते कोणी तरी. त्या म्हणाल्या, “खरं सांगू? अजून कुणालाच पुरतं माहीत नाही.” मला त्या उत्तराचा राग आला नाही. नुसते मला बांधून बसलेला ट्रकवाला सहाच्या वर गेला नव्हता, एवढे मला नक्की माहीत आहे.

आशच्या दिवशी सकाळीच बाई गावात आल्या, शार्शेनची वीस मिनिटे करून घेतली आणि मला थोरल्या तंबूच्या जाळीदार लाकडी भिंतीवर टांगून कामाला लागल्या. पाहुणे असूनही त्यांनी बाह्या सरसावून कांदे कापले. मी तिथूनच सगळे पाहिले. चौदा म्हातारे वर्तुळात बसले. शार्शेन बापाची टोपी घालून आत आला, मागून नाझिक मांसाचे ताट घेऊन. दाराशी आपा.

त्याने पहिले हाड दिले. बरोबर. दुसरे, तिसरे, सहावे. आवाज हळूहळू मोकळा होत गेला. नववे हाड उचलले आणि तो तुर्गुनबाय नावाच्या म्हाताऱ्यापुढे थांबला. थांबला, आणि त्याला खांद्याचे हाड दिले.

तुर्गुनबाय त्या बैठकीतला मोठ्या मानाचा माणूस. त्याने हाडाकडे पाहिले, मग शार्शेनकडे. दारातून आपांनी तोंड उघडले. शार्शेनने मागे न बघताच तळहात वर केला, आणि त्या मिटल्या.

“आजोबा, चुकलो,” तो म्हणाला. “मार्चमध्ये पडलो, तेव्हापासून माझ्या डोक्यात राहत नाही. बरं व्हायचा प्रयत्न चाललाय. तुमचं हाड कुठलं ते मला माहीत होतं, आत्ता आठवत नाहीये. तुम्हीच सांगा.”

इतके सरळ वाक्य त्या तंबूत कधी ऐकू आले नसावे. म्हातारा बराच वेळ चघळत बसला, तोंडात काही नसताना.

“मांडीचं,” तो शेवटी म्हणाला. “बदल. आणि बस इथं जरा. मी पण पडलो होतो रे, तुझ्या बापाबरोबर खेळताना. कुणाला बोललो नाही. चार वर्षं बायकोला मेहुणीच्या नावानं हाक मारत होतो.”

“मग बायको काय म्हणाली?” कोपऱ्यातून कोणी तरी विचारले.

“म्हणणार काय! तिनं बहिणीचं घरी येणं बंद केलं. अजून बोलत नाहीत दोघी.”

तंबू हसला. असा हसला की बाहेरचे घोडे बिचकले. आणि हसणे ओसरता ओसरता दाढीवाला एक जण म्हणाला, “मला अजून उजव्या कानात शिट्टी वाजते. तेवीस वर्षं झाली.” तिसरा म्हणाला, त्याला संध्याकाळी रस्ते उलटे दिसतात. आयुष्यभर एकमेकांबरोबर घोडे दामटलेली माणसे, आणि कोणालाच कोणाचे माहीत नव्हते. शार्शेन मधोमध बसून ऐकत होता. आपा दारात बसल्या होत्या आणि रुमालाचे टोक डोळ्यांना लावत होत्या; विचारले असते तर चुलीचा धूर म्हणाल्या असत्या. बाहेर काका भावाच्या घोड्यावरून सपाटून हरले. ते सांगायला आत कोणी आले नाही.

शार्शेन पुढे दोन वर्षे माझ्याकडे येत होता. कोक-बोरू त्याने पुन्हा खेळले नाही. दुखणे पुष्कळ कमी झाले, सगळे गेले नाही. आता तो संघाचे घोडे तयार करतो, आणि मैदानात कोणी पडला की त्याला बाहेर बसवतो. मग काका कितीही आरडाओरडा करोत.

माझे म्हणाल तर, शार्शेननंतर मी आणखी सदतीस डोकी पाहिली. परदेशी पाहुण्यांनी माझे फोटो काढले, माझ्यावर भाषणे झाली. मग ताणपट्टी सैल पडली, स्पंज वाळून कडक झाले, नवे पट्टे आले. एक वर्ष तर मला फायलींचा गठ्ठा बांधायला वापरले. अक्मारलबाईंना दिसले तेव्हा त्यांनी माझी सुटका केली आणि आपल्या खणात ठेवले. फायली तेव्हापासून सुतळीने बांधतात.

मित्रांनो, मला नव्याने स्पंज लावा असे माझे मागणे नाही. माझे मागणे तुमच्या डोक्याविषयी आहे. झाडावरून पडाल, सायकलवरून पडाल, खेळताना आपटाल. “काही नाही झालं” म्हणून उठू नका. दुखत असेल तर दुखतंय म्हणा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, आणि मोठ्या माणसाला सांगून डॉक्टरकडे जा. आणि तुमच्या शेजारचा कोणी पडला, विसरायला लागला, उगाच चिडायला लागला, तर त्याला हसू नका, त्याच्या वाटचे उत्तरही देऊ नका. त्याचे डोके त्यालाच बरे करावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणाला काढता येत नाही. बाहेर बाकावर बसून राहता मात्र येते. तेवढे करा.